मटारवाल्या आजींची गल्ली

शेवटच्या त्या साध्याशा दिवशीही आई गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून मटार सोलत बसली होती. समोर अडलेले ट्रक भोंगे वाजवत होते आणि लेक शरमेनं, ओळख नसल्यासारखी, बाजूनं निघून गेली होती. आई गेली त्याला महिना झाला. आज दुधाच्या रांगेत लेकीच्या पुढे दोन बायका बोलत होत्या.

"गल्लीत ट्रकना बंदी लागली, वहिनी! पाटी बघितलीत?"

"बघितली. आमच्या ह्यांच्या मालाला आता लांबचा वळसा."

"पडू दे की वळसा! माझी नात आज एकटी चालत शाळेत गेली."

"तेही खरंच. सासरे कोपऱ्यापर्यंत फिरून आले, स्वारी खुशीत आहे."

"सगळं त्या मटारवाल्या आजींमुळे."

"काय बाई होती! ड्रायव्हर ओरडला की म्हणायची, 'एवढ्या शेंगा होऊ देत, मग उठते.'"

"आणि टोपली काही संपायची नाही!"

"वाहतुकीचे साहेब समजवायला आले, तर त्यांच्याही हातात शेंगा दिल्या."

"सोलल्या?"

"सोलल्या की! सोलता सोलता बंदी कबूल करून बसले."

"कोणाची कोण होती, देव जाणे."

"माझी आई होती ती," लेक म्हणाली, सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "माझी आई."