मे महिनाभर न कापलेलं गवत

प्राण्यांच्या दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याची शेजारीण बसली होती. त्याच्या मांडीवरच्या खोक्यात टॉवेलखाली जखमी हेजहॉग होता, साळिंदरासारखा अंगभर काटे असलेला छोटासा प्राणी.

"हलतोय का अजून?"

"श्वास चालू आहे. बघू नकोस, ग्वेन. पाठ पार सोलून निघालीय."

"मे महिनाभर गवताला हात लावायचा नाही, मुक्या जिवांना आसरा हवा, असं साऱ्या गल्लीला तूच सांगत फिरलास ना, क्लाइव्ह?"

"नाहीच लावला. एकतीस तारखेपर्यंत काडी कापली नाही."

"आणि काल एक जून उजाडला तसा मशीन घेऊन तुटून पडलास!"

"महिना संपला होता ना!"

"ते त्याला कोण सांगणार होतं? त्याला तुझ्या बागेत यायला सोपं जावं म्हणून मी आपल्या मधल्या कुंपणाला भोक पाडलं. काठीने गवत चाळवून तरी बघायचंस."

"तो पळालाच नसणार गं. अंगाचा गोळा करून बसला असणार. आज सकाळी तू पाडलेल्या भोकापाशी सापडला."

त्यांचं बोलणं ऐकतच डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी टॉवेल उचलून हळूच पोट पाहिलं.

"मादी आहे. दूध उतरलंय हिला. म्हणजे गवतातल्या घरट्यात पिल्लं असणार. कापलेलं गवत कुठे आहे?"

"बागेच्या कचऱ्याच्या डब्यात. सगळं दाबून भरलं काल."

"आणि डबा?"

"सकाळी सातला कचऱ्याची गाडी येऊन रिकामा करून गेली."

"क्लाइव्ह, एवढ्या घाईने डबा बाहेर रस्त्यावर ठेवला कोणी?"

"काल रात्री तूच नाही का ठेवलास, ग्वेन? माझी पाठ दुखत होती म्हणून."