मॅडम डाळमिलात गेल्या तो दिवस

आमी लातूरचेच. अब्बा कल्हईवाले, आन मी लेबर हापिसात शिपाई, समदे सलीमचाचा म्हणतात. काय सांगू तुम्हाला, आमच्या हापिसात इन्स्पेक्टर टिकतच न्हाई. शिकलेलं पोरगं येतं, आल्या दिवसापासून दुसऱ्या परीक्षेचा अभ्यास करत बसतं, आन पास झालं की चाललं.

मग ह्या मॅडम आल्या. रेणापूरकडच्या शेतकऱ्याची लेक, बोलायला लई फटकळ. आमची रीत अशी, की तपासणीच्या आदल्या दिवशी मालकाला फोन करायचा, म्हंजे तिकडं खुर्च्या, चहा, पोहे तयार. मॅडम म्हणल्या चाचा, फोनला हात लावायचा न्हाई, आपण काय सोयरीक जमवायला चाललोत का.

तसंच गेलो डाळमिलात. मशीनच्या पट्ट्यात हात जाऊ नये म्हणून जाळी असती, ती काढून ठिवलेली, मशीन चालू, आन आमच्या डोळ्यांदेखत डाळ भरणाऱ्या सुमनबाईचा पदर पट्ट्यात गेला, पदरामागं हात. अल्ला कसम, ती किंकाळी अजून कानातून जात न्हाई. मॅडमनीच धावत जाऊन बटण दाबलं. हात कोपरापातूर चिरडून गेला होता, डाळीवर रगतच रगत.

मॅडम म्हणल्या जाळी बसल्याबिगर ही मशीन चालू होणार न्हाई. तर मालकाचा पुतण्या आला, म्हणला तुला कुणी बोलावलं गं, आन लोखंडी पाइप घातलाच डोक्यात. मी मधी पडलो तर दुसरा रट्टा माझ्या तोंडावर, हे बघा, म्होरचे दात न्हाईत. त्याचं सोडा, तो हरामखोरच. पण बायका! ज्यांच्यासाठी गेलो त्याच बायका दगड घिऊन आल्या, मिल बंद करती का, आमच्या चुलीत पाणी वतती का. गेटापातूर मारत आणलं आमाला. मॅडमच्या डोळ्यावरून रगत वाहत होतं, तरी सुमनबाईला दवाखान्यात न्यायला रिक्षा थांबवली होती, तिचा दुसरा हात धरून त्याच रिक्षात बसल्या.

मॅडमला टाके पडले. वरचे साहेब दवाखान्यात आले, म्हणले न सांगता जायची काय गरज होती. मॅडमनी पुढच्या तपासणीला संगं पोलीस मागितले तर म्हणले कुठून देऊ. त्याच हप्त्यात मॅडमच्या दुसऱ्या परीक्षेचा निकाल लागला, पास झाल्या. मला म्हणल्या चाचा, जाऊ का राहू? असा राग आला मला, म्हणलं माझं थोबाड बघून बी इचारता? जा बाई, जान हाय तर जहान हाय. रडल्या, आन गेल्या.

पुतण्या जामिनावर सुटला. मशीन चालूच हाय, जाळीबिगर. काल सुमनबाई हापिसात आली, मॅडम हायत का म्हणली. म्हणलं गेल्या, नांदेडला, मोठ्या हुद्द्यावर. तर म्हणली बरं झालं माय, लेकरू वाचलं, सुखी राहो. मला वाटलं आता जाईल घरी. तर बाकड्यावर बसली की! म्हणली बसते चाचा, दुसरं कुणी येईल.