पिंचर्स आर्मचा हिरवा बाण

ब्रेन्ना : तीन घंट्या झाल्या, सेल्बीकाका. पुन्हा इंजिनघरात होतात?

सेल्बी : मग? तेल कोण घालणार? मार्चच्या पहिल्या सोमवारी नेमकी माझ्या जेवणाच्या वेळी फोन करतेस, पोरी. कॉड मासा शिजत ठेवलाय. बोल, तुमचं सेंट जॉन्स शहर काय म्हणतंय?

ब्रेन्ना : धुकं. आणि आमच्या कार्यालयाचा तक्ता. गेल्या वर्षी पिंचर्स आर्म गावच्या वीजइंजिनाला डिझेल किती लागलं?

सेल्बी : सदुसष्ट हजार लिटर. लिही.

ब्रेन्ना : गेल्या खेपेलाही तेवढंच होतं. त्याच्या आधीही.

सेल्बी : शिस्तीची माणसं आम्ही.

ब्रेन्ना : काका, यंदा तेलाच्या जहाजाच्या पावत्या माझ्याकडे आल्यात. तुमच्या धक्क्यावर वर्षभरात बावीस हजार उतरलं.

सेल्बी : टाकीत शिल्लक होतं.

ब्रेन्ना : टाकी तीस हजारांची आहे. तुम्हीच सांगता, दर वर्षी.

सेल्बी : नऊ वर्षं फोन करतेस. कधी भांडली नाहीस.

ब्रेन्ना : भांडत नाहीये. देशानं जगाला शब्द दिलाय, धूर इतका कमी करू म्हणून. तो पाळला जातोय का, हे अशा ओळींच्या बेरजेवरून कळतं. तुमची ओळ खोटी असेल तर बेरीज खोटी.

सेल्बी : आमच्या धुरानं? तूच म्हणाली होतीस, पिंचर्स आर्म दशांशचिन्हानंतरसुद्धा सापडत नाही.

ब्रेन्ना : बेरजेत नाही सापडत. पण मला माहीत आहे ना, आकडा चुकीचा आहे. घरं किती आहेत आता?

सेल्बी : एक्केचाळीस.

ब्रेन्ना : दिवे लागणारी?

सेल्बी : आधी सांग, तीन वर्षांपूर्वी तू एक छापील कागद धाडलास, आठवतो? मी खराच आकडा दिला होता. कीपिंग कुटुंब गेलं, पाच जणं. मग फज भावंडं. शाळेत दोन मुलं उरली, म्हणून शाळा बंद. डिझेल लाखावरून सदुसष्ट हजारांवर आलं. आणि तुझ्या कागदावर आमच्या नावापुढे हिरवा बाण. खाली लिहिलेलं, ‘उल्लेखनीय प्रगती’.

ब्रेन्ना : बाण संगणक काढतो, काका. आकडा उतरला की हिरवा. का उतरला, ते त्याला कळत नाही.

सेल्बी : माझ्या एडिथनं वाचला तो कागद. म्हणाली, सगळे गेलो की पदक देतील. त्याच हिवाळ्यात ती वारली. मग मी सदुसष्ट हजार धरून बसलो. गाव रिकामं होण्याची शाबासकी नको होती मला.

ब्रेन्ना : एडिथकाकूंचं तुम्ही सांगितलं नाहीत. दोनदा बोललो आपण त्यानंतर.

सेल्बी : तुझ्या प्रश्नांत ते नव्हतं.

(फोनमध्ये इंजिनाची घरघर ऐकू येते.)

ब्रेन्ना : दिवे किती, काका?

सेल्बी : एक. शेवटची दोन घरं शरदात गेली. इंजिन आपलं तेवढंच घुरघुरतं.

ब्रेन्ना : मला बावीस हजार लिहावं लागेल. बाण हिरवाच येईल. एक करता येतं. दिवे लागणारी घरं पाचांहून कमी असली, तर ते गाव ‘इतर’ नावाच्या ओळीत टाकता येतं. तिथे बाण नसतो.

सेल्बी : आणि नाव?

ब्रेन्ना : नावही नसतं.

सेल्बी : आणि हा फोन?

ब्रेन्ना : ‘इतर’ला फोन करावा लागत नाही. पावत्यांवरून भागतं.

सेल्बी : हं. तुझ्या मागे आज एवढी सामसूम का गं? पूर्वी हसणं-खिदळणं ऐकू यायचं. एकजण तर सारखा शिंकायचा.

ब्रेन्ना : ग्लेन. तो घरून काम करतो आता. सगळेच. मजल्यावर मी एकटीच येते.

सेल्बी : म्हणजे विजेचं बिल उतरलं असणार. मग घ्या की तुमच्या मजल्यालाही एक हिरवा बाण!

ब्रेन्ना : मिळालाय, काका. जिन्याजवळ चिकटवलाय त्यांनी.

सेल्बी : अरे देवा.

ब्रेन्ना : रोज त्याच्या समोरून वर येते.

सेल्बी : आमचं नाव राहू दे, पोरी. बाणासकट राहू दे.

ब्रेन्ना : शेऱ्याचा एक रकाना असतो. फारसं कुणी वाचत नाही. काही लिहू?

सेल्बी : लिही, ‘माणसं गेली’.

ब्रेन्ना : लिहिलं.

सेल्बी : बाकी काही?

ब्रेन्ना : नाही. कॉड करपेल, जा. पुढच्या मार्चला करते फोन. आणि इंजिनघरातून धावत येऊ नका. बर्फावरून घसराल. मी थांबेन, कितीही घंट्या होऊ देत.

सेल्बी : धावत कुठला येतोय. फोनपाशीच बसलेला असतो. तीन घंट्या वाजू देतो, एवढंच.