मेलेले मासे उलटे पोहत नाहीत

मंडळी, मागच्यांना ऐकू येतंय ना? पंख्याचा आवाज आहे, पण राहू दे चालू. अनघाताईंच्या घरचे, त्यांच्या साप्ताहिकाचे वाचक, आणि ज्यांच्याविरुद्ध ताईंनी आयुष्यभर लिहिलं ते लोक, असे सगळे नारायण पेठेतल्या या एवढ्याशा सभागृहात बसलेत. उकडणारच.

मला बोलता येतं असं लोक म्हणतात. दिवसभर फोनपुढे तेच करतो. पण आज मी जे बोलणार आहे ते शोकसभेत बोलत नाहीत. माझ्याआधी सगळ्यांनी सांगितलं की त्यांना ताईंबद्दल आदर होता. असेल. मला हेवा वाटायचा. ताईंना जाऊन बारा दिवस झाले. अजून वाटतो.

आत्ता, या क्षणीसुद्धा. तिसऱ्या रांगेत प्रदूषण खात्याचे साहेब बसलेत. ताईंनी त्यांना किती वेळा सोलून काढलं असेल! त्यांच्या शेजारी ते बिल्डर, ज्यांच्या टेकडीफोडीची बातमी ताईंनी महिनोन्महिने सोडली नाही. दोघांचे डोळे ओले. उद्या मी गेलो तर कोण येईल हो? माझ्या व्हिडिओंना लाख-लाख लोक अंगठा दाखवतात. त्यातला एक तरी चप्पल काढून सतरंजीवर बसेल?

चपलेवरून आठवलं. ताईंच्या चपलांना कायम नदीचा वाळलेला चिखल. मी मात्र बूट पुसून कॅमेऱ्यापुढे उभा राहणार. एकदा बूट पुसताना पाय घसरून मीच... असो. मी असा भरकटलो की ताई म्हणायच्या, "अरे, तुझी बातमी कात्रजला निघते आणि हडपसरला उतरते."

मी वर्ध्याकडचा. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. पुण्यात आलो, पार्सलं वाटली, ट्रेकवाल्यांच्या पिशव्या उचलल्या, आणि एक दिवस बुधवार पेठेत छोटा माइक घेतला. नदी, टेकड्या, कचऱ्याचे डोंगर, जिथे पाय नेतील तिथे व्हिडिओ. बातमीदारी मला कुणी शिकवली नाही. ताईंचं साप्ताहिक चार पानांचं. काळंपांढरं. एक फोटो, तोही धूसर. मी हसायचो. आणि तरीही, कुठे काही झालं की लोक माझा व्हिडिओ बघायचे आणि मग विचारायचे, "ताईंनी काय लिहिलंय?"

मला लाख लोक बघायचे. त्यांच्यावर लोक विश्वास ठेवायचे. सांगा, जळणार नाही का माणूस?

म्हणून त्या दिवशी मी ताईंच्या आधी पोहोचलो. मुद्दाम. लोणी काळभोरच्या पुढे नदीकाठी मासे मेलेत असं कळलं, आणि मी गाडी दामटली. पाण्यावर पांढरी पोटंच पोटं. वास असा, की आजही... आणि समोरच एक पाइप. त्यातून लाल पाणी. पाइप येत होता युसूफचाचांच्या रंगाच्या कारखान्यातून. चाचा कापड रंगवतात, त्यांच्या आजोबांपासूनचं काम. चाचा आज इथे आहेत. दाराजवळ, खांबाला टेकून.

मला अजून काय हवं होतं? पुढे मेलेला मासा, मागे लाल पाणी. चाचा बाहेर येऊन म्हणाले, "बेटा, जरा ऐकून तर घे." मी ऐकलं नाही. माइक त्यांच्या तोंडासमोर धरला आणि स्वतःच बोललो, "हा बघा नदीचा खुनी."

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळीकडे. ताईंचं साप्ताहिक निघायला तीन दिवस होते. मी खूश. मंडळी, खोटं का सांगू, फार खूश होतो.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन. "तू पाइपच्या वरच्या अंगाला गेला होतास का?"

"कशाला? सगळं तिथंच दिसत होतं."

"मी गेले. दोन वळणं वर. तिथेही मासे मेलेत. का रे, मेल्यावर मासे उलटे पोहतात?"

एवढी साधी गोष्ट! दोन वळणं. चालत दहा मिनिटं. पण मला घाई होती. घाई नदीची नव्हती, ताईंच्या पुढे जायची होती.

शहराचं मैलापाणी वरून तसंच सोडलं होतं. म्हणजे तुमचं, माझं. ताईंनी पाणी तपासून घेतलं, साहेबांना फोन केला. साहेब, तुम्ही म्हणालात, सगळं नियमानुसार चालू आहे. ताईंनी तेही छापलं. खाली तपासणीचा कागद छापला. आणि चाचांचं लाल पाणीही तसंच नदीत जातं, तेही छापलं. मी म्हणालो, "ताई, समतोल म्हणजे सगळ्यांना सारखी जागा ना? साहेबांना दोनच ओळी?"

"बोलायची जागा प्रत्येकाला द्यायची. पण पाण्यात हात घालून बघायचं ते आपणच. नदीला फोन लागत नाही."

ताईंची एक रीत होती, इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. बातमी छापायच्या आधी, ज्याच्याविरुद्ध लिहिलंय त्याला त्याचा परिच्छेद वाचून दाखवायचा. बदलायला नव्हे. "तुमचं म्हणणं बरोबर उतरलंय का?" एवढंच विचारायला. चाचांना वाचून दाखवला तेव्हा मी तिथे होतो. चाचा म्हणाले, "बाई, माझ्या विरुद्धच लिहिलंय. पण खोटं नाही लिहिलं. छापा." आणि ताईंसाठी चहा सांगितला. माझ्यासाठी नाही.

तो चहा मला अजून टोचतो.

तोवर चाचांच्या फाटकावर कुणीतरी 'खुनी' लिहून गेलं होतं. त्यांच्याच डब्यातल्या लाल रंगानं. मुलीला कॉलेजात टोमणे. मी काय केलं? व्हिडिओ पुसून टाकला. ताईंना अभिमानानं सांगितलं, "पुसला."

"ज्यांनी पाहिला त्यांच्या डोळ्यांतून पुसलास का? दुरुस्ती टाक. जिथे चूक केलीस तिथेच. तेवढ्याच मोठ्या आवाजात."

ताईंच्या पहिल्या पानावर तशी चौकट असायची, 'आमची चूक'. एकदा तर बगळ्याची जात चुकली म्हणून चौकट. मी म्हणालो, "ताई, बगळा काय कोर्टात जाणार होता?" त्या म्हणाल्या, "त्याला वाचता येत नाही, म्हणून तर."

मी दुरुस्ती टाकली नाही. वर्ष झालं. दर भेटीत ताई विचारायच्या, मी विषय बदलायचो. विषय बदलणं मला जमतं, तुम्ही बघताच आहात. दवाखान्यातही विचारलं त्यांनी. नळ्या लागलेल्या, आणि विचारतात, "टाकलीस?" मी म्हणालो, "बऱ्या व्हा, मग टाकतो."

आज सकाळी मी लोणीला गेलो. दुरुस्ती लिहून नेली आणि चाचांना वाचून दाखवली. ताईंसारखी. मी तीत लाल पाण्याचा उल्लेख गाळला होता. म्हटलं, माणूस आधीच भोगतोय. चाचा म्हणाले, "माझं पाणी नदीत जायचं, तेही लिही. ते गाळलंस तर बाईंचं नाव घेऊ नकोस."

बघा. तिथेही ताईच.

ताईंच्या बहिणीला विचारून फोन त्या खिडकीत ठेवलाय, माझे व्हिडिओ बघणाऱ्यांना हे सगळं थेट दिसतंय. चालू आहे. आता मी वाचतो.

"माझी चूक. लोणी काळभोरजवळच्या मेलेल्या माशांच्या व्हिडिओत मी युसूफचाचांना खुनी म्हणालो. ते मासे त्यांच्यामुळे मेले नव्हते. त्यांच्या पाइपच्या वरही मासे मेले होते. मी वर गेलोच नव्हतो. त्यांच्या कारखान्याचं रंगीत पाणी नदीत जात होतं, हे खरं आहे आणि ते चूक आहे. पण मासे मेले ते शहराच्या मैलापाण्यानं. चाचा बोलत होते, मी ऐकलं नाही."

चाचा, बरोबर उतरलंय का?

...डोलावली. त्यांनी मान डोलावली. मागच्यांना दिसलं नसेल, म्हणून सांगतो.

ताई, ही एक मान मिळवायला मला वर्ष लागलं. तुमच्यासाठी हे अख्खं सभागृह भरलंय. हेवा गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही. पण आता तो मला नदीच्या वरच्या अंगाला चालत नेईल.

सगळ्यांनी उभं राहू या. दोन मिनिटं. मी फोन बंद करतो आणि तोंडही.

ताई, नमस्कार.