उत्तरांची पानं

...नाही, पण मला एक सांगा, कांदाभजी खाणं हा काय गुन्हा आहे का? नाही ना? मग अख्खं गाव मला बघून गालातल्या गालात हसतंय कशाला? आता अख्खी दुपार भजीच खात बसलो म्हणा... पण ती भुकेपोटी नव्हती हो, गणितापोटी होती!

तुम्हाला सांगतो, बी.एस्सी. होऊन गावी आलो तेव्हा अंगात नुसती आग. कॉलेजची पोरं गणितं कशी करतात? आधी पुस्तकाच्या मागचं उत्तर बघतात आणि मग शेपटाकडून म्हैस गोठ्यात ओढतात! म्हटलं, हे बंद. तालमीच्या ओसरीवर फुकट वर्ग काढला, होमवर्क समजावून द्यायला. पहिल्याच दिवशी नारळ फोडला, सगळ्यांच्या पुस्तकातली उत्तरांची पानं फाडून घेतली आणि गरजलो, "गड्यांनो, उत्तर महत्त्वाचं नाही, रीत महत्त्वाची!" टाळ्या! पानं जाळणार, तेवढ्यात समोरचा भजीवाला नाथाजी धावत आला. "आवं सर, जाळताय कशापायी? कागद लय झ्याक हाय, पुड्यांस्नी हुईल!" दिली. मला काय माहीत, पुढं काय वाढून ठेवलंय?

वर्गात एक हरणाबाई. पूर्वेकडच्या मेंढपाळाची पोर, मामाकडे राहून कॉलेजला जाते. एक दिवस तिचा थोरला भाऊ बिराप्पा आला, काठी, घोंगडं घेऊन. म्हणाला, "मास्तर, उद्या सांजच्याला येतो. पोरीला जमतंय का न्हाई, तुमी म्हनशीला तसं. जमत आसंल तर शिकंल. न्हाईतर वैशाखात लग्नाचा बार उडवून टाकतो."

म्हणजे बघा, एका पोरीचं शिक्षण माझ्या जिभेवर! आणि दुसऱ्या दिवशीचं गणित कुठलं? इंटिग्रेशनचं, हे एवढं लांब! सकाळपासून झटतोय, सुटता सुटेना. वर्गात तोंड काय दाखवू? पाय आपोआप नाथाजीच्या गाड्याकडे... "एक पुडी." पुडी उलगडली, भलत्याच धड्याची उत्तरं. "आणखी एक." तेही भलतंच. शेवटी नाथाजीला सांगावंच लागलं, उत्तराचा एक कागद शोधतोय म्हणून. रीत महत्त्वाची, रीत महत्त्वाची, असं मनाशी म्हणत मी आपला भजी गिळतोय! पोटाला तडस लागली तेव्हा कुठं पान सापडलं. तेलानं आरपार दिसणारं, पण उत्तर स्पष्ट : साईनचा वर्ग. घडी केली, खिशात!

संध्याकाळी हरणाबाईनं फळ्यावर गणित मांडलं. पायरीवर बिराप्पा काठीवर हनुवटी टेकून बसलेला. फळा भरला, आणि खाली तिचं उत्तर : वजा कोसाईनचा वर्ग. वजा? आणि कोसाईन? वरच्या ओळी वाचायला हव्या होत्या की नको? पण खिशात खरं उत्तर असलेला माणूस कशाला वाचतोय! मारली फुली, हीऽऽ एवढी. "चूक!"

बिराप्पा उठला. "झालं तर मग. चल हरणा, पिशवी उचल."

पोर हलेना. "सर, चुकलं कुठं ते सांगा की."

कुठं? मला काय माहीत कुठं! आणि नेमका तेव्हाच पलीकडून नाथाजीचा खणखणीत आवाज, "सर, घावला का वो त्यो उत्तराचा कागद? आनि लय पुड्या हायत्या!"

सगळ्यांची नजर माझ्या खिशावर... आणि खिशाला हाऽऽ तेलाचा डाग! हरणाबाईनं हात पुढं केला. दिला कागद. काय करणार? तिनं तो वाचला आणि तुम्हाला सांगतो, हसली! "आवं सर, ही दोनी योकच हायती. मधी फरक नुसता एकाचा, त्यो कॉन्स्टंटमदी जातुय."

बिराप्पा म्हणाला, "मला कळंल आसं बोल."

"दादा, हमरस्त्याचं दगड साताऱ्यापासनं मोजलं काय आन् कराडापासनं मोजलं काय, आकडा बदलंल. पर गाडी पळली ती तेवढीच की!"

"व्हय की!" बिराप्पा म्हणाला. त्याला कळलं हो! आणि मला? अहो, मला हे माहीत होतं, परीक्षेत लिहून मार्क घेतलेत मी! खिशातल्या कागदानं डोळेच बांधले. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बिराप्पानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, तेच तर लागलं! म्हणाला, "मास्तर, पोरगी शिकंल. तुमचं काय करायचं?"

तेव्हापासून हे असं आहे. गणितं हरणाबाई सांगते, मी फळा पुसतो. आणि मी फडकं उचललं रे उचललं की सगळी पोरं एका सुरात ओरडतात, "सर, आधी वाचा... मग पुसा!"