पंगतीबाहेरच्या एकेचाळीस

माननीय अध्यक्ष श्रीरामपंत, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आज आपण ज्यांना निरोप देत आहोत त्या शरदिनीबाई, आणि ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांतून पायी चालत या सभागृहात आलेल्या बंधुभगिनींनो,

माझ्या आधी बोलले ते रत्नाकरराव माझे विद्यार्थी. ‘गिनती केल्या गेली’ असे ते म्हणाले. त्याचा समाचार मी घरी घेईन. पण त्यांनी सांगितलेली हकीकतही चुकीची आहे, आणि ती इथेच दुरुस्त झाली पाहिजे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आपल्या मराठी मंडळाच्या तेव्हाच्या चिटणिसाने, म्हणजे मी, १९८३ साली निराधार स्त्रियांची गणना केली आणि त्यामुळे आपल्या गल्लीत बायकांचा दवाखाना आला. टाळ्या झाल्या. मी त्या थांबवल्या नाहीत, याबद्दल आधी क्षमा मागतो.

घडले ते असे. सरकारी सांख्यिकी कार्यालयाने शहरातल्या प्रत्येक समाजाला विचारले होते: तुमच्यात आधार नसलेल्या स्त्रिया किती? जिथे अधिक, तिथे दवाखाना आणि मासिक साहाय्य. परमुलखातल्या आपल्या मराठी वस्तीची शिरगणती कशी होत असे, हे जुन्यांना ठाऊक आहे. अनंत चतुर्दशीच्या महाप्रसादाला यच्चयावत मराठी घर येई आणि चिटणीस दाराशी उभा राहून पत्रावळी मोजी. मीही मोजल्या. पुरुषांच्या दोन पंगती, सुवासिनींची आणि मुलांची एक. प्रत्येकीच्या घरी कर्ता पुरुष. मी उत्तर लिहिले, ‘निरंक’. अक्षर उत्तम होते.

आठवड्याने त्या कार्यालयातली नवी कारकून माझ्या ओसरीवर आली. ह्याच शरदिनीबाई, तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांच्या.

“काका, जेवण कोणी रांधलं होतं?”

“आतल्या बायकांनी.”

“त्या कुठल्या पंगतीत बसल्या?”

तरुण मंडळींना सांगायला हवे. पहाटेपासून सोवळ्यात रांधणाऱ्या त्या बहुतेक विधवा असत. पंगतीत त्यांचे पान मांडले जात नसे. उरलेले डब्यात घेऊन त्या मागच्या दाराने घरी जात. पत्रावळ नाही, म्हणून मोजणीत नाहीत. हे मला कळत नव्हते काय? कळत होते. पण कालच्या मुलीने मला मोजायला शिकवावे? मी म्हणालो, आमच्या बायका निराधार नसतात, कुणाच्या ना कुणाच्या घरी असतात. शरदिनीबाईंनी फेरगणनेची विनंती मराठीत लिहून पाठवली. मी तिच्यातले ऱ्हस्वदीर्घ तांबड्या शाईने सुधारून ती परत केली. उत्तर दिले नाही.

मंडळाच्या नव्या आकड्याशिवाय कार्यालय हलेना. वर्ष गेले. अखेर वरिष्ठांची परवानगी मिळवून शरदिनीबाई पुढच्या महाप्रसादाला मागच्या दाराशी उभ्या राहिल्या. घरच्या कर्त्याला त्यांनी एक शब्द विचारला नाही. डबा घेऊन निघालेल्या प्रत्येकीलाच विचारले: औषधाला पैसे लागले तर कोण देते? आधार नसलेल्या एकेचाळीस जणी निघाल्या. माझे ‘निरंक’ आणि त्यांचे एकेचाळीस, दोन्ही आकडे त्यांनी अधिकाऱ्यांच्या बैठकीत शेजारीशेजारी ठेवले. दवाखाना तिथेच मंजूर झाला, आणि आपल्या वॉर्डात यापुढे असा प्रश्न बाईलाच विचारायचा, हेही ठरले.

त्या एकेचाळिसांत माझ्या दिवंगत थोरल्या भावाच्या पत्नी, प्रभावतीवहिनी होत्या. माझ्याच घरात राहणाऱ्या. एक डोळा गेलेला, दुसरा अंधुक. त्यांचे उत्तर शरदिनीबाईंनी मला फार उशिरा, मी खोदून विचारल्यावर सांगितले: “भाऊजींना विचारायला हवं. ते नाही म्हणायचे नाहीत गं. विचारायचंच राहून जातं.”

दवाखाना उघडला त्या दिवशी मी स्वतः वहिनींचा हात धरून त्यांना नेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचबिंदू आहे. वर्षभर आधी आणले असते तर एक डोळा राहिला असता. पुढे कितीतरी वर्षे वहिनी माझे ताट चाचपून पोळी वाढत. शरदिनीबाईंनी मला एकदाही दोष दिला नाही. त्या मला अजून काकाच म्हणतात, आणि दरवेळी मला मान वर करवत नाही.

उद्या शरदिनीबाई आपल्या मुलीकडे नागपूरला निघतील. मंडळाची स्मरणिका सोमवारी छापायला जाईल, आणि तीत रत्नाकररावांचीच हकीकत आहे. ती तशीच छापली तर वहिनी पुन्हा मोजणीतून सुटतील. ते मी होऊ देणार नाही.

आयोजकांनी मला बोलू दिले, आपण शांतपणे ऐकलेत, याबद्दल आभार. भाषेत काही उणे राहिले असल्यास क्षमा असावी. बाकीच्याची मी मागत नाही. रत्नाकर, आता लिहून घे.

अनंत चतुर्दशी, १९८३: ही स्त्रियांची गणना नव्हे, पत्रावळींची.

अनंत चतुर्दशी, १९८४: स्त्रियांची पहिली गणना. ती शरदिनीबाईंनी केली, मंडळाने नव्हे.

दवाखाना उघडला: जानेवारी १९८५. तू १९८३ लिहिले आहेस.

कार्तिकी पौर्णिमा, १९८४: ही तारीख स्मरणिकेत नाही, ती घालावी. पंचगंगा घाटावरचा हजार दिव्यांचा दीपस्तंभ पेटलेला होता, आम्ही पायरीवर उभे होतो, आणि वहिनींनी मला विचारले, “भाऊजी, दिवे अजून लावले नाहीत का?”