क्लचवरचा पाय

गाडीच्या कंपनीच्या गॅरेजमध्ये बाकावर मी बाळाला थोपटत बसले होते. शेजारच्या नवरा-बायकोला वाटलं असावं, कलकत्त्यात मराठी कुणाला कळतंय!

“अहो, एवढी महागडी नवी जीप, वर्षाच्या आत क्लच जळतोच कसा? वॉरंटी आहे ना?”

“मेकॅनिक म्हणतो, चालवणाऱ्याचा पाय सारखा क्लचवर असतो. त्याला वॉरंटी नाही.”

“म्हणजे नाना. हावड्याच्या पुलावर बसमागे अख्खा वेळ दाबून धरतात.”

“मी त्याला सांगितलं, पाय माझा.”

“तुमचा?”

“खर्च आपण करू. नानांना म्हणायचं, क्लच मुळातच खराब आला होता.”

“आणि पुन्हा जाळला तर? खरं सांगून टाका ना.”

“आई गेल्यापासून गाडीसाठी तरी घराबाहेर पडतात. खरं कळलं तर किल्लीला हात लावणार नाहीत. गप्प, आले बघ.”

“काय रे, काय म्हणाले?”

“क्लचच खराब होता, नाना. वॉरंटीत बदलून देतायत.”

“पहिल्याच दिवशी माझ्या पायाला कळलं होतं! ऐकलंस ना, सूनबाई? पुलावरून मीच नेणार.”

“न्या ना, नाना. मी पुढे बसते, तुमच्या शेजारी.”